आतल्या बाजूची कडी

मी कडी. दाराला आतून लावतात ती. माझा आवाज फार बारीक वाटला तर राग मानू नका. या घरात मोठ्यानं बोलायची सवय एकालाच आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.

सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका घराच्या आतल्या खोलीला मी बसवलेली आहे. त्याआधी हार्डवेअरच्या दुकानात एका खोक्यात, बिजागऱ्यांच्या शेजारी पडून असायचे. आपल्याला एखादं धान्याच्या खोलीचं दार मिळावं, असं तेव्हा मला वाटायचं. एके दिवशी एक बाई आली. एका डोळ्यावरून पदर ओढून घेतलेला.

"कुठल्या दाराला पायजे, बाई?" दुकानदारानं विचारलं.

"कुठल्या का असंना. दणकट द्या."

ती शकुंतलाबाई. तिचे यजमान यज्ञेश्वर शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी देवळात प्रवचन सांगायचे. पेठेतली माणसं त्यांना वाकून नमस्कार करायची, गुरुजी म्हणायची. घरी आले की ते सदरा खुंटीला अडकवत. सदऱ्याबरोबर गुरुजीही खुंटीलाच राहत आणि उरलेला माणूस घरात हिंडायचा.

मला बसवून झालं तेव्हा शकुंतलाबाईनं लेकीला माझ्यापुढं उभं केलं. चेतनाचा हात तेव्हा जेमतेम माझ्यापर्यंत पोचायचा.

"हे बघ, बाबांचा आवाज चढला की आत यायचं आणि कडी लावायची. काही झालं तरी काढायची नाही. मी सांगितलं तरी नाही."

"मग तू?"

"मी बाहेरचं बघते."

अशा आम्ही दोघी आत आणि ती बाहेर. दारावर लाथ बसली की माझे स्क्रू लाकडात हलायचे. मला वाटायचं, आता निघाले. चेतना मला दोन्ही हातांनी घट्ट धरायची. लोखंडाला घाम येत नाही, पण तिच्या तळव्यांचा घाम मला अजून आठवतो.

शेजारी चन्नवीरचे माग होते. खटाखट, खटाखट, दिवस-रात्र. त्या आवाजात आमच्या घरचं काहीच कुणाला ऐकू जायचं नाही. वीज गेली की माग थांबायचे आणि सगळी गल्ली एकदम शांत व्हायची. मग आमच्या घरातलाही आरडाओरडा थांबायचा, कारण आता शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं. सगळी पेठ विजेच्या नावानं बोटं मोडायची, आणि ही पोरगी वीज जावी म्हणून देवाला हात जोडायची.

खोलीत दिवा लावायची तिची हिंमत नव्हती. दाराखालच्या फटीतून उजेड बाहेर दिसला असता आणि ती जागी आहे हे कळलं असतं. उलट बाहेरचा उजेड आत यायचा आणि त्यात पावलांच्या सावल्या हलायच्या. काळोख तिला कधी खायला उठला नाही. भीती यायची ती उजेडातून. त्या काळोखात ती ओठांतल्या ओठांत शब्द जुळवायची, मागाच्या ठेक्यावर. कागद दिसायचा नाही, म्हणून पाठ राहतील अशा लहान ओळी करायची.

मग ती संध्याकाळ आली. बाहेर काहीतरी जोरात आपटलं आणि शकुंतलाबाईची हाक आली, "चेतना, उघड! उघड गं दार!" पोरीचा हात माझ्यावर आला. मी मनात म्हटलं, ओढ, ओढ मला. लगेच वाटलं, नको, नको ओढू. तिनं ओढलं नाही. सकाळी शकुंतलाबाईचं मनगट सुजलेलं होतं आणि ती त्याच हातानं भाकरी थापत होती. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायची त्या घरात रीतच नव्हती.

चेतना मोठी झाली, कॉलेजात गेली. तिच्या कविता छापून येऊ लागल्या. त्यांत विहिरी असायच्या, उलटे लटकलेले पक्षी असायचे, चंद्राला घाबरून पळणारी माणसं असायची. लोक म्हणायचे, पोरगी पुस्तकं फार वाचते. कुणी म्हणायचं, प्रेमभंग झाला असणार. लिहायला बसताना ती अजूनही मला लावायची, मगच तिला शब्द सुचायचे.

परवा तिचा मित्र राजस घरी आला. एका दिवाळी अंकात चेतनाची कविता आली होती. तो बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर ती मोठ्यानं वाचू लागला:

"पाण्याच्या तळाशी एक बाई दार ठोठावते,
केसांतून शेवाळ गळतं,
आवाज मात्र ओळखीचा.
मी जागी आहे, बाई, जागीच आहे,
पण माझे हात दगडाचे झालेत."

"चेतना, हे एवढं पाणी आणतेस कुठून गं?" राजस हसला. "आपल्याकडं तर नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही!"

गुरुजीही हसले. "आमच्या घराण्यात सरस्वती आहे, बाळा."

शकुंतलाबाई मात्र चहाचा ट्रे तसाच घेऊन आत परतली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी प्रवचनाला गेले. चेतना आत होती, मी लावलेली. दारावर टकटक झाली.

"चेतना, ती बाई मी का गं?"

चेतनानं पेन खाली ठेवलं.

"उघड, बाळा."

चेतना आली. तिचा हात माझ्यावर टेकला आणि तिथंच गोठला. तिच्या कवितेतला दगड मी तेव्हा स्वतः अनुभवला.

"तूच सांगितलं होतंस ना, मी म्हटलं तरी उघडू नकोस म्हणून?"

"सांगितलं होतं की."

"आणि मी नाहीच उघडलं, आई. तू ओरडत होतीस. मी तुला बाहेर टाकून दिलं."

मग शकुंतलाबाईचा आवाज खालून, अगदी फटीजवळून आला. ती जमिनीवर बसली असावी.

"येडे, ती हाक माझी नव्हती. त्यांनी माझे केस धरून ती मारायला लावली होती. मी तोंडानं म्हणत होते उघड, आणि मनात सिद्धेश्वराला सांगत होते, पोरीनं उघडू नये. तू उघडलं नाहीस म्हणून तर तू शाबूत राहिलीस. एवढी वर्षं तू हे उराशी धरून बसलीस? मला वाटायचं, तू लहान होतीस, विसरली असशील."

चेतनानं मला ओढलं. इतक्या जोरात की माझं टोक चौकटीवर आपटलं. दोघी उंबऱ्यातच एकमेकींना धरून बसल्या. थोड्या वेळानं शकुंतलाबाई उठली आणि पिशवीत कपडे कोंबू लागली.

"वैरागला जाऊ, रावजीकडं. माझा भाऊ आहे तो, दारातनं हाकलणार नाही."

"आणि बाबा?"

"त्यांचं जेवण झाकून ठेवलंय."

त्या गेल्या. रस्त्यात गुरुजी आडवे आले तर, या विचारानं मी एकटीच थरथरत राहिले.

तेव्हापासून हे दार उघडंच आहे. गुरुजी घरात येरझाऱ्या घालतात. "वैराग. दुसरीकडं कुठं जाणार?" असं पुटपुटतात. त्यांनीही एक पिशवी भरून ठेवली आहे.

वाचकहो, मी लोखंडाचा एक तुकडा, मला कवितेतलं काय कळणार? पण एक मागणं मागते. एखाद्या कवितेत भयाण काळोख भेटला तर नुसती वाहवा करून उठू नका. हा काळोख तिनं हौसेनं घेतला की लपायला, हे विचारा. कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं.

आत्ता बाहेरून हाक आली. चन्नवीरची आई, नागम्मा.

"गुरुजी! ओ गुरुजी! शकुंतलाबाई कुटं हाय? पोरगी बी दिसंना. काय झालं की?"

गुरुजी झपाझप या खोलीत आले, दार लोटलं आणि मला लावलं. या हाताचे दणके मी आयुष्यभर बाहेरून सोसले. आतून तो मला आज पहिल्यांदा लागतोय. मी कडी आहे. लावणारा कोण, हे मला निवडता येत नाही.

"हितंच उभी हाय मी," नागम्मा ओरडतेय. "सांगितल्याबिगर जात न्हाय."

भरलेली पिशवी त्यांच्या पायाशी आहे. ती दारात उभी आहे तोवर यांना वैरागला निघता येणार नाही. देवा, ही बाई जाऊ नये.