राणोजीरावांवरची बंदी

पुरुषोत्तम पाटणकर मूळचा इस्लामपूरचा. नोकरीसाठी चेन्नईला आला, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला लागला, आणि तिथल्याच एका सहकाऱ्याच्या लग्नात त्याला श्रीरंजनी घाटगे भेटली. मराठी मुलगी म्हणून हा खूश झाला. ती बोलायला लागली तेव्हा त्याला निम्मंच कळलं, कारण घाटगे तंजावरकडचे. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरून निघालेलं आणि वाटेत भरपूर तमिळ जेवलेलं. पण न कळलेल्या निम्म्यावरच पुरुषोत्तमाचा जीव जडला, आणि लग्न झालं.

लग्नात मुलीबरोबर सासरेही आले. म्हणजे राहायला आले नाहीत. रायपेट्ट्यात राणोजीराव घाटगे खालच्या मजल्यावर आणि मुलगी-जावई वरच्या, एवढंच. राणोजीराव बंदरातल्या कचेरीतून निवृत्त झालेले. पण ते त्यांचं पोटापाण्याचं काम. खरं काम अंपायरचं. शहरातल्या चौथ्या-पाचव्या डिव्हिजनच्या सामन्यांत त्यांनी उभं आयुष्य उन्हात काढलं होतं. मोठा सामना कधी मिळाला नाही. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही, कारण सामने कोणाला द्यायचे हे मंडळ ठरवतं, आणि मंडळ चुकत नाही. क्रिकेटचं राष्ट्रीय मंडळ हे राणोजीरावांचं कुलदैवतच होतं. या दैवताचा प्रसाद म्हणून निवृत्त अंपायरांना पॅव्हेलियनचा फुकट पास मिळे. तो पास ते देवघरात ठेवत.

पुरुषोत्तम कंपनीच्या टीममध्ये ऑफस्पिन टाकायचा आणि सातव्या नंबरावर यायचा. राणोजीरावांनी त्याचा खेळ एकदाच पाहिला होता. "माप्पिळ्ळै," ते म्हणाले होते. जावयाला ते याच तमिळ शब्दाने हाक मारत. "तुम्ही इंजिनीर बरीक चांगले आहां."

अशा या सुखी घरात महासागर लीगने पाऊल टाकलं.

दुबईतल्या कोणा धनाढ्यांनी ही नवी लीग काढली. आठ संघ, दहा-दहा षटकं, जगभरचे खेळाडू. फक्त एकाही देशाच्या मंडळाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही, असा त्यांचा खुलासा. मंडळं खवळली. आमच्या परवानगीवाचून जो खेळेल त्याच्यावर बंदी, असं एकामागून एक देश जाहीर करू लागले. चेन्नईतले सामने जवळ आले तसं एकेक मैदान लीगला दार लावून घेऊ लागलं. कोणाच्या खेळपट्टीची अचानक दुरुस्ती निघाली, कोणाकडे शाळेचं स्नेहसंमेलन निघालं.

"बरें झालें," राणोजीराव इडली मोडत म्हणाले. "बापास न विचारतां वरात काढली. आतां मांडव कोण देणार?"

मांडव दिला पुरुषोत्तमाच्या कंपनीने. कंपनीचे मुख्य संचालक कोरियन होते. भारतात असं एक मंडळ आहे, त्याला विचारल्याशिवाय चेंडूसुद्धा टप्पा खात नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्या मैदानावर परदेशी पाहुणे खेळणार म्हणून ते हरखले आणि त्यांनी गवत कापायचा हुकूम दिला. गवत कापायचं यंत्र मेंटेनन्सच्या ताब्यात, त्यामुळे ते काम पुरुषोत्तमाकडे आलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी लीगची एक मुलगी, संयुक्ता, दोन्ही कानांना दोन फोन लावून मेंटेनन्सच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, तुमच्याकडे माणसं आहेत?"

"किती वेल्डर पाहिजेत?"

"वेल्डर नको. बॅट्समन."

झालं होतं असं की दोन देशांच्या मंडळांनी सकाळीच आपापल्या खेळाडूंना दम भरला होता, आणि ते विमानतळाच्या वाटेला लागले होते. एका संघात सहा उरले होते, दुसऱ्यात आठ. टीव्हीवाले येऊन बसले होते.

"कंपनीची टीम आहे आमची," पुरुषोत्तम म्हणाला. "समोर बॉलिंगला कोण आहे?"

"मार्लन क्विंट."

क्विंट म्हणजे साडेसहा फुटांचा वेगवान गोलंदाज. त्याचा चेंडू फलंदाजाला दिसत नाही, फक्त लागतो, अशी त्याची ख्याती. पुरुषोत्तमाने आपल्या दोन पोरांचे चेहरे आठवले, विम्याचा हप्ता भरलाय का ते आठवलं, आणि म्हणाला, "मी येतो."

संध्याकाळी त्याने घरी बातमी सांगितली. राणोजीराव वर्तमानपत्र घडी घालून उठले, आणि जावयाकडे न बघता मुलीला म्हणाले, "रंजनी, तुझ्या नवऱ्यास सांग. मंडळाविरुद्ध जो जातो त्याशी मज बोलतां येत नाही."

"अप्पा, ते समोरच बसलेत."

"बसूं दे. सांग."

"अहो, अप्पा तुमच्याशी बोलत नाहीयेत," श्रीरंजनीने सांगितलं.

"का म्हणून?"

"अप्पा, ते का म्हणून विचारतात."

"माझा पास जाईल, म्हणून! बंडखोराचा सासरा म्हणून माझें नांव वर गेलें, तर पॅव्हेलियनांत मज कोण बसूं देईल?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी श्रीरंजनी म्हणाली, "मला भात लावायचाय. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, ते माझ्याशिवाय करा." आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तम मैदानावर वॉर्मअप करत होता. म्हणजे क्विंटला वॉर्मअप करताना बघत होता आणि तेवढ्यानेच त्याला घाम फुटला होता. सकाळची शिफ्ट सुटलेली, ओरगडम आणि श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतूनसुद्धा बसगाड्या भरभरून माणसं आलेली. त्या गर्दीत सीमारेषेजवळ त्याला एक काळी छत्री दिसली. छत्रीखाली राणोजीराव होते. शेजारी श्रीरंजनी.

"मामा, तुम्ही?" सासऱ्यांना तो मामाच म्हणे.

राणोजीराव छत्रीच्या काडीशी बोलले, "पाप कसें करतात तें पाहूं म्हणून आलों. मी आत आलेलों नाही. दोरीच्या बाहेर आहें."

सामना सुरू झाला. लीगने दोन परदेशी अंपायर आणले होते. त्यातल्या एकाला त्याच्या देशाच्या मंडळाचा निरोप सकाळीच पोचला होता, आणि तो नाश्त्याच्या टेबलावरून थेट टॅक्सीत बसला होता. त्याच्या जागी संयुक्ताने लीगचा मालिशवाला उभा केला. बिचारा मनाने चांगला होता. कोणी अपील केलं की त्याला वाईट वाटायचं आणि तो वाइड द्यायचा, म्हणजे दोघांचंही समाधान.

राणोजीराव पहिली दोन षटकं दात आवळून बसले. तिसऱ्यात छत्री मिटली. चौथ्या षटकात मालिशवाल्याचं मोजणं चुकलं आणि गोलंदाज सातवा चेंडू टाकायला धावत निघाला. तेव्हा अख्ख्या मैदानावर एक आरोळी घुमली.

"अय्यय्यो! ओव्हर झाली!"

गोलंदाज थांबला. सगळे थांबले. राणोजीराव दोरी ओलांडून, धोतराचा सोगा एका हातात धरून तरातरा मधोमध चालले होते. सुरक्षारक्षक मागे धावला. पण त्या चालीत असा काही अधिकार होता की तोही नुसताच मागून चालू लागला.

"बाबा रे," ते मालिशवाल्याला म्हणाले, "तू पाय दाबितोस ना? जा, दाब. हें तुझें काम नव्हे."

मालिशवाल्याने आनंदाने टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. संयुक्ता धावत आली, तिने एकदा कॅमेऱ्यांकडे पाहिलं, एकदा राणोजीरावांकडे, आणि विचारलं, "सर, तुम्हाला नियम माहीत आहेत?"

दुसरं कोणी असतं तर राणोजीरावांनी त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं. पण ते खिशातले खडे एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. चेंडू मोजायचे ते खडे; दोरीबाहेर राहणाऱ्या माणसाच्या खिशात ते काय करत होते, हे कोणी विचारलं नाही.

त्यानंतर सामना सरळ झाला. धावताना खेळपट्टी तुडवतो म्हणून राणोजीरावांनी क्विंटला बोट दाखवून बोलावलं. साडेसहा फुटांचा गडी खाली वाकून ऐकू लागला. ते त्याला तमिळ, इंग्रजी आणि तंजावरी मराठी या तिन्ही भाषांत एकदमच बोलले. क्विंटला काय कळलं कोण जाणे, पण "येस सर" म्हणून तो पुढचं सगळं षटक कडेकडेने धावला. शिफ्टवाल्यांनी छप्पर उडेल अशी शिट्टी मारली. छप्पर नव्हतं म्हणून बरं.

मग पुरुषोत्तम खेळायला आला. क्विंटचा पहिला चेंडू त्याला दिसलाच नाही. दुसरा दिसला, पण उशिरा. तिसऱ्याला त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू स्लिपच्या डोक्यावरून चौकाराला गेला. मैदान पेटलं. पुरुषोत्तमाला वाटलं, आता मेलो तरी चालेल. चौथा चेंडू आत आला, बॅटची कड घेऊन पॅडवर आदळला आणि क्विंटने गर्जना केली.

राणोजीरावांनी अजिबात घाई केली नाही. त्यांनी खेळपट्टीकडे पाहिलं, स्टंपांकडे पाहिलं, आणि उजव्या हाताचं बोट देवळाच्या कळसासारखं वर केलं.

"मामा!" पुरुषोत्तम ओरडला. "बॅट लागली होती!"

"मैदानांत मामा कोण?" राणोजीराव म्हणाले. "चला, निघा."

भांडणानंतर ते त्याच्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द. परत येताना पुरुषोत्तमाला रडावं की हसावं कळेना. दोरीपाशी श्रीरंजनी उभी होती. तिने त्याच्या हातातली बॅट घेतली आणि म्हणाली, "बोलायला तर लागले."

दुसऱ्या दिवशी मंडळाने जाहीर केलं: इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या सामन्यात ज्यांनी ज्यांनी भाग घेतला, खेळाडू असो वा अंपायर, त्या सर्वांवर बंदी. टीव्हीवर बातमीमागे चित्र दाखवत होते ते बोट वर केलेल्या राणोजीरावांचं.

राणोजीराव जेवले नाहीत. देवघरातला पास त्यांनी उचलून कपाटात ठेवला. बंदी घातलेल्या माणसाने तो देवापुढे ठेवणं बरं दिसत नाही म्हणाले. जावयाशी अबोला उरला नव्हता, कारण आता दोघंही एकाच पापाचे धनी. संध्याकाळी दोघं गॅलरीत बसत आणि गुन्हेगारांसारखे हळू आवाजात बोलत.

"माप्पिळ्ळै, जेवण गेलें का?"

"गेलं. तुम्हाला?"

"थोडें."

बागेत फिरायला जाणंही राणोजीरावांनी सोडलं होतं. लोक तोंड फिरवतील ही धास्ती. शेवटी श्रीरंजनीने हाताला धरून नेलं. तर तिथली म्हातारी मंडळी बाकावर सरकून जागा करून त्यांची वाट बघत होती. क्विंट खरंच वाकला होता का? तुम्ही त्याला काय म्हणालात? जावयाला बाद देताना हात थरथरला नाही? राणोजीरावांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरं विस्ताराने दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली, थोड्या अधिक विस्ताराने. आठवडाभरात क्विंट जवळजवळ सात फुटांचा झाला. राणोजीरावांची भूक परत आली.

आणि मग एके सकाळी समेट झाला. लीगचे मालक आणि मंडळाचे पदाधिकारी समुद्रकाठच्या कुठल्याशा हॉटेलात एकमेकांना शाली घालताना टीव्हीवर दिसले. लीग मंडळाची झाली, मंडळ लीगचं झालं, आणि सगळ्या खेळाडूंवरची बंदी उठली.

"खेळाडूंवरची," राणोजीराव म्हणाले. "अंपायराचें काय?"

म्हणून जावयाला घेऊन ते मंडळाच्या चेन्नईतल्या कचेरीत गेले. तिथे पंचांचं काम बघणारा एक तरुण अधिकारी होता, अनय नावाचा. त्याने आदराने बसवलं, नाव विचारलं आणि संगणकात शोधलं. पुन्हा शोधलं.

"सर, तुमच्यावर बंदी नाहीच."

"म्हणजे उठविली?"

"नाही, घातलीच नव्हती. तुम्ही निवृत्त आहात. आमच्या पॅनेलवर जो नाही त्याच्यावर आम्हाला बंदी घालताच येत नाही." तो हसला. "आणि हे पाटणकर तर कुठेच नाहीत. तुम्ही दोघं खुशाल घरी जा."

पुरुषोत्तम खुर्चीवरून उठला. राणोजीराव उठले नाहीत.

"पाहा तंबी," धाकट्या भावाला म्हणतात तसं ते अनयला म्हणाले. "मी उभा राहिलों. क्विंटास ताकीद दिली. टीव्हीवर जगाने पाहिलें. आणि तुम्ही म्हणतां, घातलीच नाही?"

"सर, ही चांगली बातमी आहे."

"कोणास चांगली? मंडळाने जाहीर केलें, सर्वांवर बंदी. सर्वांत मी नाही? मग मंडळ खोटें बोललें काय?"

अनय गोंधळला. "तसं नाही सर…"

"मंडळ खोटें बोलत नाही. म्हणून माझ्यावर बंदी आहे."

अनयने पुरुषोत्तमाकडे पाहिलं. पुरुषोत्तमाने मान डोलावून सुचवलं की द्या, काय जातंय. अनय उभा राहिला, शर्ट नीट केला आणि गंभीरपणे म्हणाला, "राणोजीराव घाटगे, महासागर लीगच्या सामन्यात उभं राहिल्याबद्दल मंडळ तुमच्यावर बंदी घालत आहे."

"किती दिवस?"

"किती… घालू?"

"तें मी कसें सांगूं? नियम तुमचा."

"जन्मभर," अनय घाईने म्हणाला.

राणोजीरावांनी क्षणभर डोळे मिटले. मग उठून हात जोडले. "सेरि, मान्य," म्हणाले, आणि ताठ मानेने बाहेर पडले.

जिना उतरताना पुरुषोत्तम म्हणाला, "मामा, जन्मभर म्हणजे जरा जास्तच झालं."

"मंडळ आहे तें, माप्पिळ्ळै. सामन्याचा मान केवढा मोठा! त्यास शिक्षा लहान कशी देतील?"

पुढच्या रविवारपासून ते कंपनीच्या बसने जावयाबरोबर ओरगडमला जाऊ लागले. कारखान्या-कारखान्यांच्या त्या सामन्यांना कुठलंच मंडळ विचारत नाही, तेव्हा बंदी मोडण्याचाही प्रश्न नव्हता. खेळणारी पोरं आधी त्यांच्या पाया पडत, मग टॉस करत. निर्णयाबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. नवा एखादा कोणी तोंड उघडू लागलाच, तर त्याच्याच टीमचे लोक त्याला बाजूला ओढत आणि कानात सांगत, गप्प बस, या माणसाला घाबरून मंडळाने जन्मभराची बंदी घातलीय.