पान एकशे त्रेचाळीसवरची तार

पान दोनशे बारावर मावशी मेली.

सांगून टाकलं, आता विसरून जा. मावशी मेलेली नाही. तिला साधी सर्दीही झालेली नाही. ती कादंबरीतल्या लाँड्रीत, पान एकशे त्रेचाळीसवर, चादरींना इस्त्री करते आहे. आणि ज्यांच्यामुळे ती तीन महिने त्याच पानावर अडकली आहे, ते बॉयलर इन्स्पेक्टर वाचनालयाच्या काउंटरपाशी उभे राहून पुस्तकाची मुदत वाढवून मागत आहेत. सहाव्यांदा.

"साहेब, दोनशे चाळीस पानांचं पुस्तक आहे," वाचनालयातल्या बाई म्हणाल्या. "एवढ्या वेळात लोकांची लग्नं ठरून मोडतात."

"वाचतोय."

बाईंनी पुस्तक उघडलं. एकशे त्रेचाळीसव्या पानात लाल पुठ्ठ्याचं सरकारी लेबल खोचलेलं होतं. 'तपासणीअंती वापरास बंद.'

"हे पुस्तक आहे, साहेब. तुमचा बॉयलर नव्हे."

"त्यात बॉयलर आहे," इन्स्पेक्टर म्हणाले.

पानांचे कोपरे दुमडणाऱ्यांकडे बाई ज्या नजरेने पाहत, ती त्यांनी इन्स्पेक्टरांवर बराच वेळ खर्च केली. "आज सहापर्यंत आणून द्या. वाचून द्या, न वाचता द्या. पुढचा माणूस थांबलाय."

इन्स्पेक्टर पुस्तक काखेत मारून घरी निघाले. माणूस तसा दखल घेण्याजोगा नव्हता. अठ्ठावीस वर्षं नोकरी, तीन पँट आणि एक मत. मत असं, की जगातली सगळी माणसं निष्काळजी आहेत आणि त्यांतली शिकलेली जरा जास्तच. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला बायको त्यांनाच उभं करायची. सरकारी अनुभव वाया कशाला घालवा.

तर त्या पानावर होतं एवढंच. लाँड्रीचा मालक वाफेच्या फुसफुसण्याला कंटाळतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा तारेने बांधून टाकतो. वाफ जास्त झाली की तिला वाट करून देणारं झाकण ते. ते बांधलं की बॉयलरचा बॉम्ब होतो, फक्त कधी ते लिहिलेलं नसतं. लेखक महाशयांनी हे एका वाक्यात उरकलं होतं. पुढे दीड पान संध्याकाळचं आभाळ. आभाळाला जांभळा, केशरी, राखाडी असे सगळे रंग मिळाले होते. व्हॉल्व्हला मिळाली तार.

लेखक या जमातीबद्दल इन्स्पेक्टरांचं तेव्हापासून मत झालं होतं. म्हणजे आता त्यांची दोन मतं होती. कुठूनतरी बॉयलर आणायचा, वाक्यात बसवायचा, त्याच्या शेजारी गुडघे दुखणारी बाई उभी करायची, आणि आपण सुरक्षित अंतरावर कॉफी पीत बसायचं. लायसन्स कोण देतं यांना?

बायकोने पुस्तक केव्हाच वाचून संपवलं होतं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"मागितली मुदत?"

"आज सहाला द्यायचंय."

"मग वाचा. सत्त्याण्णव पानं उरलीत. की सिनेमासारखं करताय?"

सिनेमाला गेलं की इन्स्पेक्टर इंटरव्हलला उठत. दोघांच्या संसारात एकोणीस सिनेमांचे पूर्वार्ध जमा होते.

"फुटतो ना गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"सांगू नकोस."

"सांगत नाहीये. तुम्हीच विचारताय." तिने टॉवेल झटकला. "नाही फुटत."

इन्स्पेक्टरांनी कानांवर हात ठेवले. बोटांत फट राहील अशा बेताने.

"मावशी जाते, पण न्यूमोनियाने. घरी, अंथरुणात. दोन पानं सगळे रडतात. मग तिच्या मुलीचं लग्न होतं आणि संपतं."

"ते मी ऐकलंच नाही. आणि बॉयलर?"

"बॉयलरचं पुढे नावच नाही. विसरला असेल."

"विसरला?"

"लेखक आहे तो. घरातून सांगितलेलं दूधसुद्धा विसरत असेल."

दुसऱ्या कुणी सुटकेचा निःश्वास टाकला असता. इन्स्पेक्टर मात्र पांढरेफटक पडले.

"मग तार कोणी काढली?"

"कसली तार?"

"व्हॉल्व्हची."

बायकोने खरोखर विचार केला. हातातली घडी तशीच धरून सगळी कादंबरी मनात चाळून आली. "कोणीच नाही काढली."

"म्हणजे अजून आहे. मावशीचं काय व्हायचं ते झालं, मुलगी सासरी गेली, हा लेखक कॉफी पिऊन झोपला, आणि बाकीच्या बावीस जणी रोज सकाळी तिथे कामाला जातायत."

"अहो, पुस्तक संपलं."

"पुस्तक संपलं. कामाची पाळी संपलेली नाही."

बायकोने टॉवेल बाजूला ठेवला. "हे पुस्तकाचं चाललेलं नाही," ती म्हणाली.

नव्हतंच. अकरा वर्षांपूर्वी एका खऱ्या लाँड्रीत इन्स्पेक्टर तपासणीला गेले होते. तिथल्या व्हॉल्व्हला तार होती. मालक म्हणाला, "काढतो साहेब, तुम्ही व्हा पुढे." साहेबांना पुढे दोन तपासण्या होत्या, पोट बिघडलेलं होतं, आणि सही करायला पेनाचं टोपण आधीच उघडलेलं होतं. बॉयलरशेजारी इस्त्री करणारी एक बाई म्हणाली, "साहेब, नीट बघा हो. आधी हा फुसफुसायचा. आता गप्प झालाय." यावर साहेबांनी विनोद केला. "गप्प आहे तेच बरं. आमच्या घरी या, गप्प राहणं काय असतं ते कळेल." बाई हसली. सही झाली. महिन्याभरात बदली झाली.

तेव्हापासून इन्स्पेक्टर रोज एक स्टॉप आधी उतरतात आणि त्या लाँड्रीला वळसा घालून ऑफिसला जातात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणतात. डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नाही. त्याच वर्षी त्यांनी घरचा पेपर बंद केला. ऑफिसात अपघातांची फाइल फिरू लागली की यांना लघवीला लागतं. भित्रेपणाला एवढी शिस्त लावलेला माणूस सरकारी खात्यातही विरळा.

बायकोला हे सगळं केव्हाचं ठाऊक होतं. "चला," ती म्हणाली. "चार स्टॉप आहेत. जाऊन बघू."

"आज शनिवार."

"शनिवारी लाँड्री उघडी असते."

"पुस्तक द्यायचंय."

"येताना देऊ."

नकाराला आणखी कारण सुचेना, तेव्हा इन्स्पेक्टर बूट शोधायला गेले. एक सापडला. दुसरा त्याच्या शेजारीच होता. तो काही त्यांना सापडेना. बायको दारात उभी राहून हे पाहत होती. संसारात तिने पुष्कळ पाहिलं होतं, पण शेजारचा बूट न सापडणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "मी बघून येते."

"काय दिसलं ते सांगू नकोस."

"बघू." तिने पुस्तक पिशवीत टाकलं, त्यातलं लाल लेबल उपसून त्यांच्या हातात दिलं, आणि गेली.

इन्स्पेक्टर एका पायात बूट घालून टेबलाशी बसले. कोऱ्या कागदांचा गठ्ठा ओढला, कार्बन घातला. मूळ प्रत, कार्यालयीन प्रत. समास सरळ आला. समास सरळ येणं हा त्यांचा एकमेव गुण होता आणि तो आजही कामी आला.

ती साडेपाचला परत आली. दारात चपला काढल्या, पण आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका."

"थांब. शेवटची ओळ राहिलीय," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

प्रति,
मा. लेखक (प्रकाशकांमार्फत)

विषय : पान क्र. १४३ वरील तार काढण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर ठिकाणी सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधल्याचे निदर्शनास आले आहे. तपासणी अधिकाऱ्याने तार पाहिली होती. पाहूनही त्याने प्रमाणपत्र दिले. इस्त्री विभागातील महिलेने तोंडी तक्रार केली असता त्याने विनोद केला. उपरोक्त सर्व बाबी त्यास मान्य आहेत.

सबब विनंती की, सदर अधिकाऱ्यास पान १४३ वर पाच मिनिटे प्रवेश मिळावा. पक्कड तो स्वतःची आणील. तोपर्यंत सदर महिलेस चहासाठी बाहेर सोडावे, व हाक मारल्याशिवाय आत घेऊ नये.

कळावे.