वेधशाळेचं हसू

राष्ट्रीय ऑपेरात मला सगळे वेधशाळा म्हणतात. तोंडावर नाही, माझी पाठ वळली की. पण मी काही बहिरी नाही. माझं काम वर्तमानपत्रांचं. नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला की दुसऱ्या सकाळपासून येणारी सगळी परीक्षणं मी वाचते, कापते आणि ज्याच्याबद्दल लिहून आलं असेल त्याच्या पाकिटात घालते. ही पाकिटं शेवटचा प्रयोग संपल्यावर वाटायची. तोवर कोणी परीक्षण वाचायचं नाही, मला विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही. चांगलं असलं तरी नाही. फार पूर्वी आमच्या एका गायिकेच्या वरच्या सुराचं कोणीतरी तोंड भरून कौतुक केलं. तिनं ते वाचलं, आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगाला तो सूर जवळ आला की तिला ते परीक्षणच आठवायला लागलं. सूर गेला तो गेलाच. तेव्हापासून हा नियम आहे. आता सगळं फोनवर मिळतं, तरी आमची माणसं ते कटाक्षानं टाळतात. घरच्यांनाही दम देऊन ठेवतात.

आता परीक्षणं वाचायची नाहीत म्हटल्यावर अंदाज बांधायला उरला माझा चेहरा. मी लिफ्टमध्ये नाक मुरडलं तरी व्हायोलिनवाल्यांच्या खोलीत कुजबुज सुरू होते. म्हणून मी चेहरा मख्ख ठेवायला शिकले. इतकी शिकले की आता घरी आरशातही तोच दिसतो. तरीही त्यांना धास्ती असतेच. प्रयोग सुरू असेपर्यंत कँटीनमध्ये माझ्या टेबलाकडे कोणी फिरकत नाही, जसा काही मला गोवर झालाय. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी दुसऱ्या देशात. रात्रीचं जेवण एकटीनं जेवायची सवय होते हो, पण शंभर माणसांच्या गलक्यात एकटीनं जेवायची होत नाही. मला तरी झाली नाही.

फक्त एक माणूस माझ्यासमोर येऊन बसायचा. त्यांना आम्ही सासरेबुवा म्हणायचो. आवाज खर्जातला, त्यामुळे तरुणपणापासून वाट्याला बाप, सासरे, पुजारी आणि तुरुंगाचे अधिकारी. यायचं, कोणालातरी शाप द्यायचा नाहीतर लग्नाला नकार द्यायचा, आणि विंगेत जाऊन स्वेटर विणत बसायचं. त्यांचं पाकीट कायम रिकामं. इतक्या वर्षांत एकाही समीक्षकानं त्यांच्यावर शाई खर्च केली नव्हती. मी मनाशी म्हणायचे, या माणसाला गमावण्यासारखं काही नाही, म्हणून हा मला भीत नाही. ते ऑपेराबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. गुडघे, शेजाऱ्याचा कुत्रा, लोकरीचे भाव. मी हूं हूं करायचे. माझ्या दिवसातला तेवढाच वेळ मी कोणाची तरी होते.

यंदा त्यांना म्हाताऱ्या राजाची भूमिका मिळाली. मुख्य. ज्याची होती तो आजारी पडला आणि सासरेबुवांचं नशीब उघडलं. पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये बसले आणि वाट पाहिली. ते आले, ट्रे घेऊन क्षणभर घुटमळले आणि लांब खिडकीपाशी माझ्याकडे पाठ करून बसले.

मला राग आला. मग हसू आलं. मग जेवण जाईना.

परीक्षणं मात्र काय आली होती म्हणून सांगू! दिग्दर्शकानं राजवाड्याच्या जागी मोटारींचं गॅरेज उभं केलं होतं आणि समीक्षकांनी त्याला सोलून काढलं होतं. आमच्या कंपनीला दोन वर्षं झोडपताहेत, त्यात नवीन काही नाही. पण सासरेबुवा! एकानं लिहिलं, ‘या गॅरेजमधली एकमेव चालू गाडी म्हणजे म्हातारा राजा.’ एरवी कोणालाच न सोडणाऱ्या एका खवट बाईनं लिहिलं होतं की शेवटच्या प्रवेशात ते इतकं हळू गायले की खोकणारी माणसं खोकायची थांबली, आणि हा आवाज इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होता याचा जाब कंपनीनं द्यावा. त्यांचं पाकीट फुगलं. ते बंद करताना मला इतका आनंद झाला की तो सांगायला कोणी नाही याचंच वाईट वाटलं.

त्याच दुपारी ते पाण्याचा ग्लास भरायला उठले आणि आमची नजरानजर झाली. बिचारे किती ओढलेले दिसत होते. मला राहवलं नाही. बोलायचं नाही हा नियम. हसायचं नाही असं कुठे कोणी म्हटलं होतं? मी हसले. चांगली दात दाखवून हसले.

त्यांच्या हातातला ग्लास ओसंडून वाहायला लागला. तो तसाच ठेवून ते निघून गेले.

संध्याकाळी दिग्दर्शक माझ्या खोलीत आला.

“सासरेबुवांनी भूमिका सोडली. घसा बसलाय म्हणतात. उरलेले प्रयोग दुसरा करेल. तुम्ही काही बोललात का त्यांना?”

“एक शब्द नाही,” मी म्हणाले. आणि ते खरंही होतं.

मला तेव्हाच धावत जायला हवं होतं. पण प्रयोग चालू होते, उद्या ते परतले तर? मी नियम धरून बसले. शेवटचा प्रयोग झाला तोवर त्यांनी निवृत्तीचा अर्जही देऊन टाकला होता. दुसऱ्या सकाळी पाकीट घेऊन मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वच्छ, एकट्या माणसाच्या. त्यांनी चष्मा लावून सगळी कात्रणं वाचली. खवट बाईचं दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

“मग तू हसलीस कशाला?”

“आनंद झाला म्हणून.”

“आनंद!” ते म्हणाले. “अगं, इतकी वर्षं तुझ्यासमोर जेवलोय. तुला कधी हसताना पाहिलं नाही. मला वाटलं, माझी इतकी धूळधाण झालीय की वेधशाळेलासुद्धा कीव आली. त्यानंतर तोंड उघडायची हिंमत होईना.”

“मला सांगता येत नव्हतं. नियम...”

“भूमिका सोडल्यावर तरी यायचंस.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, “एवढी कधीपासून भीती वाटायला लागली तुम्हाला? तुम्ही तर बिनधास्त येऊन बसायचात.”

त्यांनी कात्रणं गोळा करून पाकिटात परत घातली.

“बिनधास्त? दरवेळी दाराबाहेर दोन चकरा मारून मग आत यायचो. दोन ओळी गायल्या असल्या तरी वाटायचं, कोणीतरी त्यांच्यावर लिहिलं असेल आणि ते हिच्या तोंडावर दिसेल. म्हणून तर कुत्र्याच्या गप्पा मारत बसायचो, वर बघायला नको.”

“मग यायचात कशाला?”

“तू एकटी जेवायचीस ना,” ते म्हणाले. “ते बघवायचं नाही. यंदा मात्र जमलं नाही बघ.”

इतकी वर्षं एक माणूस माझ्यासाठी रोज जीव मुठीत धरून जेवत होता आणि मी त्याला रिकाम्या पाकिटाचा सुखी माणूस समजत होते. रडू फुटेल असं वाटलं. फुटलं नाही; चेहरा तसाच मख्ख राहिला.

“मला फार वाईट वाटतंय,” मी म्हणाले.

सासरेबुवा जरा पुढे वाकले आणि त्यांनी माझा चेहरा निरखून पाहिला.

“खरंच?” त्यांनी विचारलं.