लग्नाचा कोट आणि दोन डाव्या बाह्या

"कोट..." अण्णा म्हणाले आणि तिथेच अडकले. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा हवेत, आणि पुढचा शब्द काही केल्या ओठांवर येईना.

"कोट हवाय का? गार लागतंय?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"गार कसलं लागतंय, लग्नाच्या कोटाबद्दल म्हणतायत ते," ताई म्हणाल्या. ताई म्हणजे माझ्या नणंदबाई. "चिमणे, ऐक. तुझे आजोबा स्वतःच्या लग्नाचा कोट शिवायला बसले आणि..."

"आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावून मोकळे झाले," मी पूर्ण केलं.

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

आमच्या घरात वाक्य सुरू करणाऱ्याचं कधीच नसतं. जो आधी झेप घेईल त्याचं. मी लग्न करून आले तेव्हा वर्षभर मला एक वाक्य संपवता आलं नव्हतं, मग मीही शिकले. माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका येऊन बोलणं अडखळायला लागलं, तशी तर आम्हाला मोकळीकच मिळाली. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला की आम्ही पुढचे दहा पुरवायचो आणि वर त्याला सेवा म्हणायचो. त्यांना बोलायला शिकवणारी बाई म्हणाली होती, "त्यांचा शब्द त्यांना शोधू द्या, तुम्ही..." तिचंही वाक्य ताईंनीच पुरं केलं होतं.

आज विषय निघाला तो माझ्या लेकीमुळे. चिमणीने सकाळी स्वतःसाठी पहिला फ्रॉक कापायला घेतला आणि पाठीचा गळा पुढच्याइतकाच खोल कापून बसली. कापड वाया गेलं ते गेलंच, पोरीने कात्री टेबलावर टाकली ती टाकलीच. "मी आता कधीच हात लावणार नाही. आजी कधी चुकली नव्हती. मला नाहीच जमायचं."

यात तिची चूक नव्हती. आम्हीच तिला हे पाजलं होतं. सासूबाईंची कात्री म्हणजे या घरातला शेवटचा शब्द. त्यांनी कापलं की चुकलं नाही, आणि अण्णांनी मुकाट्याने शिवलं. चुका सगळ्या अण्णांच्या नावावर, आणि त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे हा लग्नाचा कोट. सासूबाई असेपर्यंत ही गोष्ट त्याच सांगायच्या, हात उलटा फिरवून, नक्कल करून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. आता त्या नाहीत, म्हणून आम्ही सांगतो.

"नाही," अण्णा म्हणाले.

"नाही काय, असंच झालं होतं," हे म्हणाले. "तुम्ही विसरलात आता."

अण्णांनी डावा हात टेबलावर असा आपटला की दोऱ्याची रिळं खाली गडगडली. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माणूस तो.

"आत्या, आजोबा नाही म्हणतायत," चिमणी म्हणाली. "तुम्ही सगळे जरा गप्प बसा ना."

ताईंना या घरात असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या उत्तर द्यायला तोंड उघडतायत तोवर पोरीने टाचण्यांची डबी उचलली. शिवणकाम करताना टाचण्या ओठांत धरायच्या ही या घराची जुनी सवय. चिमणीने प्रत्येकाच्या हातात दोन-दोन ठेवल्या. "धरा तोंडात. आजोबांचं होईपर्यंत काढायच्या नाहीत."

आणि काय सांगू, आम्ही धरल्या. तीन मोठी माणसं ओठांत टाचण्या धरून ओळीने बसलो.

"कोट," अण्णांनी पुन्हा सुरुवात केली. "मी... शिवला. कापला..." ते थांबले. "खिडकी," म्हणाले. मान हलवली, शब्द परत पाठवला. "कापला..."

माझ्या जिभेवर पाच शब्द तयार होते. ताईंचा चेहरा लाल झाला होता. ह्यांनी तर स्वतःचा गुडघा घट्ट धरून ठेवला होता.

"तिने," अण्णा म्हणाले.

ताईंच्या ओठांतली टाचणी खाली पडली. "आईने? पण आई तर स्वतः सांगायची की..."

चिमणीने दुसरी टाचणी पुढे केली. ताईंनी ती घेतली.

मग अण्णांनी सांगितलं. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढून. अण्णा ज्या शिंप्याच्या दुकानात कामाला होते, तिथे सासूबाई तेव्हा काजं-बटणं करायला यायच्या. मालक त्यांना कात्रीला हात लावू द्यायचा नाही. लग्न ठरलं तेव्हा अण्णा म्हणाले, माझा कोट तू काप. त्यांचं ते पहिलं कापणं. बाह्या कापल्या त्या दोन्ही एकाच बाजूच्या, आणि दुसऱ्या बाजूच्या बाहीपुरतं कापड उरलं नाही.

"रडली," अण्णा म्हणाले. "म्हणाली... फाडून टाका. परत... कात्री... धरणार नाही." त्यांनी चिमणीकडे पाहिलं. "तुझ्यासारखी. अगदी."

चिमणीचे डोळे भरले होते.

"मी म्हटलं... शिवतो. घालतो. सगळ्यांसमोर. माझी चूक... म्हणतो." मोठा श्वास. "तू... पुढचा काप."

पुढचे सासूबाईंनी किती कापले ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हे घर त्यावरच तर चाललं होतं.

"मग आजी तुम्हालाच का हसायची?" चिमणीने विचारलं.

अण्णा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा, एका बाजूने का होईना, पण पुरतं हसले. "ती हसायची. मला... आवडायचं. आता... तू रडतेस. म्हणून... सांगितलं." आणि मग ताठ बसून, आमच्याकडे बघत, एकदाही न अडखळता म्हणाले, "शिलाई मात्र सरळ होती. ती माझी."

ताई टाचण्यांसकट रडत होत्या. अशा रडण्याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण मीही तेच करत होते.

"बाही उलटी, मग लग्नात सगळ्यांसमोर चाललात कसे?" चिमणीने विचारलं.

अण्णांनी खुर्चीचा हात धरला. हे मदतीला उठले, अण्णांनी नजरेनेच त्यांना खाली बसवलं. उभे राहिले. डाव्या हाताने लुळा उजवा हात उचलला आणि उलट्या बाहीने मागे ओढावा तसा, पण ऐटीत, पाठीमागे कमरेवर ठेवला, शर्टाच्या आत बोटं अडकवून. मग डावा कोपर चिमणीपुढे केला. तिने हात घातला.

दोघं खोलीच्या या टोकापासून त्या टोकाकडे निघाली. अण्णांचा पाय घासत होता, मान वर होती. वाटेतली खुर्ची मी उचलून बाजूला घेतली.