लाल चिंधीचा बांबू

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. अंगठ्याहून थोडा जाड, पुरुषभर उंच, आणि डोक्याला एकेकाळी लाल असलेली चिंधी. वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की बहुधा फुशारकी मारतात. मीही मारली असती. पण माझ्या आयुष्यात एक उन्हाळा असा आला, की त्यानंतर फुशारकी माझ्या तोंडी शोभत नाही. तरी तुम्हाला सगळं खरं सांगतो. माझ्यासारखी चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढाच त्यातला हेतू आहे.

मी कुठल्या रानात वाढलो ते मला आठवत नाही. ट्रकमधून आलो आणि शहागंजच्या बाजारात बद्रीनाथच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. शेजारी शिड्या, टोपल्या आणि केरसुण्या. बद्रीनाथ प्रत्येक बांबू फरशीवर आपटून त्याचा आवाज ऐकायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, “बेफिकीर घेऊन जा, साहेब. ये दगा नहीं देता.” मला ते अगदी खरं वाटायचं.

मला काकासाहेबांनी घेतलं. ते चितेगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि गच्चीत त्यांना वालाचा वेल चढवायचा होता. पुढे बरीच वर्षं मी तो वेल अंगाखांद्यावर घेऊन उभा राहिलो. वेलावर बुलबुल यायचे, शिंजीर यायचे. काकासाहेब चहाचा कप हातात धरून त्यांच्याकडे बघत बसायचे, इतके की चहा गार व्हायचा. त्यातूनच त्यांना पाखरांचं वेड लागलं. त्या वेडात आपलाही वाटा आहे असं समजून मी मनातल्या मनात फुगायचो.

वेडाला वेड भेटतंच. काकासाहेबांभोवती पाच-सात जण जमले आणि दर रविवारी पहाटे गाडी काढून पैठणच्या रस्त्याने नाथसागर धरणाच्या काठी जाऊ लागले. पक्षी बघायचे, मोजायचे, काठावरचं प्लास्टिक आणि मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे गोळा करायचे. या मंडळींत रूपा होती. चितेगावलाच औषधांच्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. हुशार, भराभर बोलणारी आणि हाती घेतलेलं काम अर्धवट न सोडणारी. तिचा मला फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागे हटतं आणि गाळाची सपाट जमीन उघडी पडते. तिथे झाड नाही, झुडूप नाही. अशा जागी नदी सुरय पक्षी अंडी घालतात. पांढरा-करडा पक्षी, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच. घरटं म्हणावं तर नुसता एक खळगा. अंडी मातीच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. जवळून गेलात तरी दिसणार नाहीत. न दिसणं हीच त्यांची राखण असते. पण हे शहाणपण मला नंतर आलं.

त्या वर्षी मंडळींना गाळावर सुरयांची बरीच अंडी सापडली आणि त्यांचा जीव टांगणीला लागला. कारण त्याच गाळावर थोडं कोवळं गवत उगवतं आणि त्या गवतावर सोनाजीची मेंढरं चरतात. सोनाजी आणि त्याची बायको दगडाबाई दर उन्हाळ्यात तिथे बिऱ्हाड टाकत. माळावरचं सगळं वाळलेलं असताना तेवढाच एक हिरवा पट्टा उरायचा, आणि त्यावर त्यांची कोकरं जगायची.

रूपा सोनाजीला म्हणाली, “दादा, प्रत्येक घरट्यापाशी आम्ही एकेक बांबू रोवतो. वर लाल कापड. लांबून दिसेल, म्हणजे मेंढरं तिकडं जाणार नाहीत. चालेल का?”

“चालंल की,” सोनाजी म्हणाला. “म्या मेंढरं वरल्या अंगाला फिरवतो. पाखराचं बी लेकरूच हाय.”

दगडाबाईने तर आपलं एक जुनं लाल लुगडं आणलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या चिंध्या करून दिल्या. रूपाची ही युक्ती सगळ्यांनाच पटली. काकासाहेबांनी मला गच्चीतून काढलं, आणि शहागंजातून आणलेल्या नव्या बांबूंबरोबर रविवारी गाळात रोवलं. आमच्याबरोबर उभं राहून लोकांनी फोटो काढले. ग्रुपवर शाबासकीचा पाऊस पडला. कुणी मला ‘पाखरांचा पहारेकरी’ म्हटलं. मित्रांनो, मी आधीच ताठ, त्यात लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. पायाशी तीन अंडी, डोक्यावर लाल मुंडासं, आणि मी छाती काढून उभा.

दोन दिवसांनी एक कावळा आला. मैलभर सपाट जमीन, बसायला जागा नाही, आणि मधेच हा उंच बांबू. तो माझ्या डोक्यावर बसला. मला वाटलं, दमला असेल बिचारा. त्याने पंख झाडले, चोच माझ्यावर घासली आणि मान वाकडी करून खाली बघितलं.

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण इथे योगायोग नव्हता. मीच त्याला जागा दिली आणि मीच त्याला दाखवलं. अंड्यावर बसलेली सुरय उडाली, किंचाळली, त्याच्या डोक्यावर झेपा घेऊ लागली. तिचा पंख दोनदा मला लागला. कावळा उतरला, एक अंडं फोडलं, पुन्हा माझ्यावर येऊन बसला. मग दुसरं. मग तिसरं. नंतर त्याने मान वर केली आणि पुढच्या लाल चिंधीकडे बघितलं.

कावळा मोठा हुशार प्राणी. लाल चिंधीखाली जेवण असतं, हे कळायला त्याला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी तो सोबत्यांना घेऊन आला. आठवडा संपायच्या आतच ते एका चिंधीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर गेले. कुंपणाने शेत खाल्ल्याचं ऐकलं होतं. आता ते कुंपण मी होतो. मला हलता येईना, पडता येईना. वरचा गाळ आधीच वाळला होता, आता खोलवरचा ओलाही आटून माझ्या पायाभोवती घट्ट झाला होता.

रविवारी मंडळी आली. रिकामे खळगे, फुटकी टरफलं आणि त्यांच्या आसपास मेंढरांच्या खुरांचे ठसे. काकासाहेबांचा चेहरा काळवंडला. ते तडक सोनाजीकडे गेले. काठावरच्या बांधावरून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

“सोनाजी, तू शब्द दिला होतास ना? मग हे ठसे कुणाचे?”

“सायेब, मेंढरं इकडं आली नाय. लेकराची आन.”

“लेकराला मधे आणू नकोस. डोळ्यांना दिसतंय ते खोटं आहे का? दोन दिवसांत जागा मोकळी कर, नाहीतर मला वनखात्याला सांगावं लागेल.”

 दगडाबाई कोकरांकडे बघत होती. तेवढ्या वेळात रूपा माझ्यापाशी येऊन उभी राहिली होती. माझ्या चिंधीवर कावळ्यांची पांढरी शिट वाळलेली होती. तिने ती बघितली. शेजारच्या बांबूवरची बघितली. मग खाली मान घातली आणि गाडीकडे चालू लागली. मी मनात म्हणत होतो, बाई, बोल. तू तरी बोल. पण युक्ती तिची होती, शाबासकी तिची होती, आणि सगळे समोर उभे होते. ती बोलली नाही. मला तिचा राग आला नाही, कारण गप्प तर मीही होतो.

सोनाजीने त्याच संध्याकाळी बिऱ्हाड उचललं. जाताना त्याने मेंढरं मुद्दाम लांबच्या वाटेने, आम्हाला वळसा घालून नेली. जिथे आता राखायला काही उरलंच नव्हतं, तिथूनही त्याने ती लांब ठेवली. मित्रांनो, त्या वेळी मला जी लाज वाटली, ती अजून माझ्या पेरापेरांत आहे.

तीन-चार दिवसांनी रूपा एकटीच आली. कामावर रजा टाकून आली असावी. ती खाली उतरली नाही. बांधावर बसून दुर्बिणीतून बघत राहिली. कावळे आले, आमच्यावर बसले, खाली काही नाही म्हणून उडून गेले. मग तिची दुर्बीण आमच्यापासून बऱ्याच लांब एका जागी थांबली. तिथे बांबू नव्हता. बांबू रोवले त्या रविवारी तिथली दोन घरटी कुणाच्या नजरेलाच पडली नव्हती, म्हणून त्यांना चिंधी मिळाली नव्हती. तिथे सुरय शांत बसली होती आणि तिच्या पोटाखालून एक पिल्लू डोकावत होतं.

रूपा उठून माझ्याकडे आली. खुरांचे ठसे वाळून दगडासारखे झाले होते. तिने त्यांच्या शेजारी पाय जोरात दाबला. बुटाचा साधा ओरखडाही उमटला नाही. गाळ ओला असतानाचे ते ठसे होते, आम्ही तिथे यायच्या कितीतरी आधीचे. ती माझ्यापाशी खाली बसली आणि रडली. मग डोळे पुसून एकेक बांबू उपटू लागली. हाताला फोड आले तरी थांबली नाही. बाकीचे गाडीच्या टपावर बांधले, मला मात्र आत घेतलं.

काकासाहेबांच्या घरी सगळे जमले तेव्हा तिने मला टेबलावर आडवं ठेवलं, शिटेसकट. “कावळ्यांना पत्ता मी दिला,” ती म्हणाली. “सोनाजीदादांची मेंढरं तिथं गेलीच नव्हती. मला रविवारीच संशय आला होता. मी बोलले नाही.”

 काकासाहेब उठले, गच्चीत गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, “तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. मी तर त्याला लेकरावरून बोललो. चल, शोधू या त्याला.”

सोनाजी लासूर स्टेशनच्या बाजूला, एका वाळल्या माळावर सापडला. मला गाडीतून बाहेर काढून रूपाने त्याच्यासमोर धरलं आणि सगळं सांगितलं. काकासाहेबांनी हात जोडले. वयाने मोठा माणूस आपल्यापुढे हात जोडतोय म्हटल्यावर सोनाजी गडबडून गेला. “आसं नका करू, सायेब,” तो म्हणाला. “चिंध्या आमच्याच व्हत्या. निम्मं पाप आमचं बी हाय.”

दगडाबाई मात्र चुलीपाशीच बसून राहिली. ती म्हणाली, “पाप कुणाचं ते राहू द्या. त्या दिशी तुमी एक डाव इचारायचं व्हतं. तितं चारा व्हता. इतं येऊन माजी दोन कोकरं गेली.”

 रूपाला मान वर करून तिच्याकडे बघवेना. काकासाहेब परत चला म्हणाले. सोनाजीने मान हलवली. कोकरं लई थकली आहेत, एवढी वाट त्यांना चालवणार नाही, म्हणाला. पुढल्या साली बघू. चहा मात्र त्याने पाजला. दगडाबाईने तो स्वतः ओतून दिला आणि ती परत चुलीकडे वळली.

मित्रांनो, पुढच्या उन्हाळ्यात पाणी हटलं आणि सुरय परत आल्या. सोनाजीही आला. आणि मी? मला वाटलं होतं, माझा सरपण म्हणून उपयोग होईल, आणि ते योग्यच झालं असतं. पण काकासाहेबांनी मला जपून ठेवलं होतं. आता दर रविवारी ते मला बांधाच्या कडेला जमिनीवर आडवा टाकतात. माझ्या पलीकडे कुणी जायचं नाही, मग तो कितीही मोठा पक्षीमित्र असो. माझ्यावर कावळा बसत नाही. बसला तरी तिथून त्याला गवताखेरीज काही दिसत नाही.

परवा शहरातून काही पाहुणे आले होते, गळ्यात मोठमोठे कॅमेरे. त्यांनी रूपाला विचारलं, घरटी नेमकी कुठे आहेत? “माहीत नाही,” ती म्हणाली. “आम्ही शोधत नाही.” पाहुणे जरा नाराज झाले. तिकडे सोनाजी मेंढरं वरच्या अंगाने घेऊन चालला होता. रूपाने हात वर केला, त्यानेही केला. दगडाबाईने केला नाही. तिने तो करावा असं म्हणायचा मला तरी हक्क नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, पाखरांवर माया कराल, त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं तुम्हालाही वाटेल. जरूर करा. पण करण्याआधी लांब बसून पुष्कळ बघा. आणि काही बिघडलंच, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी त्याला एकदा विचारा, आणि एकदा स्वतःलाही विचारा. नाथसागरावर आलात तर माझ्या अलीकडे उभे राहा. पिल्लं कुठे आहेत, किती आहेत, हे मला विचारू नका. या वर्षी मला ते माहीत नाही, आणि एवढं एकच वाक्य मी मान वर करून सांगू शकतो.