शिंप्याला न झालेला खोकला

शिंप्याला खोकला झालाच नव्हता. तरी वॉर्डात सगळ्यांच्या तोंडी त्याचा खोकलाच होता. त्याने विष घेतलं, शेजाऱ्याने वेळेवर दवाखान्यात आणलं म्हणून जीव वाचला. पण तो डोळे उघडायच्या आत थोरल्या भावाने बाहेरच्या बाकावर बसून ठरवून टाकलं, की याने अंधारात खोकल्याचं औषध समजून भलतीच बाटली तोंडाला लावली.

"अब्रूचा प्रश्न आहे," दादा म्हणाला. "सगळ्यांनी हेच सांगायचं."

सगळ्यांनी सांगितलं, पण आपापलं तिखटमीठ लावून. मेव्हण्याने खोकल्यात रक्त घातलं. आत्याने दमा जोडला, तोही लहानपणापासूनचा. भेटायला येणारा जो तो काढ्याची कृती सांगून जाऊ लागला. शिंपी पडल्या पडल्या ऐकत होता. दुसऱ्याच्या मापाचा कोट अंगावर चढवल्यासारखं त्याला वाटत होतं.

दुपारी मनाच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी एकदा तपासलं, की त्याला घरी सोडणार होते. शिंप्याने मनाशी हिशेब केला. आज खोकल्यावर निभावलं, तर घरी पुन्हा तेच मशीन, तेच भिंतीकडे बघत बसणं, आणि एक दिवस पुन्हा तेच.

"झोप लागते का?" बाईंनी त्याला विचारलं.

"छान लागते," दादा म्हणाला.

"जेवण?"

"दोघांचं एकटा खातो," आत्या म्हणाली.

"मन उदास वगैरे?"

"त्याला कुठलं आलंय मन! फार साधा आहे हो," मेव्हणा म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "यात पेशंट नेमका कोण?"

"भाऊजी, जरा त्यांना बोलू द्या ना," पायथ्याशी बसलेली बायको म्हणाली.

"मी कुठे अडवलंय?" दादा म्हणाला. "बोल रे. खोकल्याचं सांग."

शिंपी उठून बसला. "दादा, मला खोकला नाही. मी जाणूनबुजून घेतलं."

दादालाच ठसका लागला.

"कापड पसरतो आणि कात्री धरून नुसता बसून राहतो," शिंपी बाईंना म्हणाला. "कुठून कापायचं सुचत नाही. रात्रभर जागा असतो. सगळे म्हणतात आळशी झाला. मलाही ते पटायला लागलं."

"म्हणजे वेड लागलं याला?" दादाने विचारलं.

"वेड नाही आणि आळसही नाही. आजार आहे," बाई म्हणाल्या. "उपचार आहेत, वेळ लागेल. गोळ्या मात्र घरच्या कुणीतरी सांभाळायच्या."

"माझ्याकडे द्या," दादाने छाती पुढे काढली.

"तुमच्याकडे?" बायको म्हणाली. "कपाळावरचा चष्मा घरभर शोधता तुम्ही!"

शिंपी हसला. घसा सोलवटला होता, तरी हसला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरबाई, इथे आणखी राहिलो तर चालेल?"

"राहा की."

दादाचं तोंड एवढंसं झालं. "अरे, पण घरी लोकांना काय सांगू मी?"

"आहे ते सांग," शिंपी म्हणाला. "आणि येताना माझी उशी आण. इथली दगडासारखी आहे."