अडकलेला पंखा

साफसफाईला आलेल्या कुमार मेकॅनिकने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि कमळाताईंनी नाकाला पदर लावला. आत रुईचा हा जाड थर! कशेळीच्या त्या गोदामात दिवसभर कापडाच्या गाठी उतरायच्या. त्यांची रुई जेवणाच्या डब्यातही शिरायची, ती इथे बरी मागे राहील!

"ताई, उशी भरंल एवढी हाय," कुमार हसला. मग त्याने आतल्या छोट्या पंख्याला बोट लावलं. पंखा जागचा हलेना. "ह्यो कवापासून बंद हाय?"

"मला काय ठावं? गेल्या पावसाळ्यापासून मेला अक्षरं उशिरा उमटवतो, एवढं ठावं हाय."

"मग बरोबर. पंखा बंद, म्हणून प्रोसेसर तापतो. तापला की जळू नये म्हणून आपोआप हळू चालतो. वरीसभर जीव मुठीत धरून चाललाय बघा."

कमळाताईंनी नाकावरचा पदर खाली केला.

"म्हंजे... मी हळू न्हवते?"

"तुमी कशाला हळू?"

बावीस वर्षं गोदामाच्या मालाची चलनं कमळाताईंच्या हातची. ट्रकवाले म्हणायचे, इंजिन थंड व्हायच्या आत ताईंचं चलन हातात. आणि हे एक वर्ष? दारात ट्रकांची रांग, प्रितेशशेठचं "ताई, आटपा", चष्म्याचा नवा नंबर, बोटांना रोज तेल. शेवटी गेल्या सोमवारी त्या स्वतःच शेठसमोर उभ्या राहिल्या, "माझं वय झालं, दुसरी बघा." शेठनी करिष्मा नावाची मुलगी ठरवलीही. ती उद्या येणार, म्हणून तर आज ही साफसफाई! कुणी काढून टाकलं असतं, तर निदान भांडता आलं असतं. इथे त्यांनी आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"शेठ!" त्यांनी हाक मारली. "इकडं या. मी हळू न्हवते. ह्यो डबाच हळू होता. कुमारला इचारा."

प्रितेशशेठ आले. कुमारने मान डोलावली, पिशवीतला नवा पंखा बसवला आणि बटण दाबलं. "चालवा, ताई."

शेठ मागे उभे राहिले. कमळाताईंनी पहिलं अक्षर दाबलं. ते लगेच उमटलं, पण वर्षभराच्या सवयीने बोट वाट बघत थांबलं. मग दुसरं अक्षर. पुन्हा बोट वर. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

"ऱ्हाऊ दे, ताई," शेठ हळूच म्हणाले. "उद्या ती येतेय ना."

कमळाताई स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या. अक्षर केव्हाच येऊन बसलं होतं आणि बोट अजून हवेतच होतं.